ओढ्याकाठचा प्रकल्प आणि वरचा माळ

कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबील ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या वस्त्यांत शिरला. अशा ओढ्याच्या काठी गृहप्रकल्प येणार असेल, तर फक्त भूखंडाचा नकाशा पाहून काहीच कळत नाही. भूखंडापाशी कुठून कुठून पाणी येतं, ते सगळं पाणलोट क्षेत्र आधी आखायला हवं.

क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आणि इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावरचा ३० मीटरच्या चौकटींचा कार्टोडेम हा उंचीचा नकाशा त्यासाठी पुरतो. नकाशाचे सगळे थर यूटीएम ४३ उत्तर या, मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणून आर.वॉटरशेड हे पाण्याची वाट शोधणारं साधन चालवलं की प्रवाहरेषा मिळतात. मग भूखंडाच्या खालच्या टोकाला बिंदू देऊन पाणलोट काढायचं. हा बिंदू प्रवाहरेषेच्या एक चौकट जरी बाजूला पडला, तरी हाती इवलासा तुकडा येतो. रस्त्याच्या भरावाखालची मोरीही या नकाशाला दिसत नाही. तिथे नकाशात ओढा हातानेच कोरून द्यावा लागतो, नाहीतर तो भलतीकडे वळतो.

सगळ्यात जास्त चुका होतात भूआच्छादनात, म्हणजे जमिनीवर गवत, खडक की सिमेंट आहे हे ओळखण्यात. सेंटिनेल-२ या उपग्रहाची एप्रिलमधली प्रतिमा घेतली, तर वाळलेला माळ आणि उघडा खडक संगणकाला सिमेंटसारखे दिसतात. मग ‘इथे आधीच बांधकाम आहे, नव्याने काय बिघडणार’ असा घातक निष्कर्ष निघतो. म्हणून पावसाळा सरल्यावरची नोव्हेंबरमधली प्रतिमा एप्रिलच्या जोडीने वापरायचीच. माळ तेव्हा हिरवा असतो, सिमेंट दोन्हीकडे सारखंच. १० मीटरच्या चौकटीत अरुंद ओढा हरवतो. त्याचे काठ बारकाईच्या प्रतिमेवरून हाताने आखावेत.

आता वक्रांक, म्हणजे पडलेल्या पावसातला किती वाहून जातो हे ठरवणारा आकडा; तो जितका १०० च्या जवळ, तितकं जास्त पाणी वाहतं. काळ्या चिकण मातीवरच्या चांगल्या गवताळ माळाला ८०, तर ६५ टक्के जमीन बांधकामाने झाकलेल्या वस्तीला ९२. दिवसात १०० मिमी पाऊस पडला, तर माळावरून सुमारे ५० मिमी वाहून जातो, वस्तीवरून ७८. एका चौरस किलोमीटरमागे हे जादा पाणी पावणेतीन कोटी लिटरच्या आसपास भरतं. सप्टेंबरअखेर जमीन आधीच भिजलेली असते, तेव्हा माळाचाही वक्रांक नव्वदपर्यंत चढतो. त्यामुळे मोरीचं माप सरासरी ओलाव्याच्या आकड्यावरून ठरवू नये. हिशेबात प्रस्तावित इमारतींसोबत वरच्या अंगाला मंजूर झालेली, पण प्रतिमेत अजून न दिसणारी बांधकामंही घालावीत.