सायक्लोन लावला, तरी धूळ का उडते?

सांगलीत विश्रामबागेला आमच्या घरामागे दहा बाय बाराची पत्र्याची खोली आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथे लाकूडकाम करतो. एक एचपीचा डस्ट कलेक्टर, म्हणजे धूळ ओढून पिशवीत जमा करणारा पंखा, आहे. गेल्या वर्षी त्याच्या आधी सायक्लोन (हवा गरगर फिरवून जड भुसा वेगळा काढणारा शंकू) आणि खाली झाकणाचा ड्रम जोडला. पहिल्याच दिवशी रंध्याच्या ढलप्या आणि करवतीचा भुसा जवळजवळ सगळा ड्रममध्ये उतरला, कलेक्टरची पिशवी रिकामी राहिली. धुळीचा प्रश्न मिटला असं मला मनापासून वाटलं.

महिनाभराने मिरजेचा एक मित्र तून झाडाच्या लाकडाची तबली (सतारीच्या भोपळ्यावर बसणारी लाकडी पाटी) घासायला आला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या कारागिरीतलाच तो माणूस. दोन तास सँडर (लाकूड घासायचं यंत्र) चालला, सायक्लोनही चालू होता. रात्री कपाटावर मी काळ्या ग्रॅनाइटचा एक तुकडा ठेवून दिला. सकाळी त्यावर बोट फिरवलं तर रेघ उमटली. खोलीत रात्रभर कुणी नव्हतं. म्हणजे काम थांबल्यावरही धूळ हवेत तरंगत होती आणि तासन्‌तास खाली बसत होती.

दुकानात, कारखान्यात, ओळखीच्या सुतारांकडे, सगळीकडे एकच सल्ला मिळतो: "सायक्लोन लावा, धूळ संपली." सायक्लोन आणि फिल्टर (हवा गाळणारी पिशवी) ही एकाच कामाची दोन साधनं, एक भारी आणि एक साधं, असं आपण धरून चालतो. त्यांची कामं वेगळी आहेत. सायक्लोन पिशवी भरू देत नाही. तुमच्या छातीत काय जाणार ते फिल्टर ठरवतो.

मी हे घरी सांगत होतो तेव्हा आई म्हणाली, "आरं, सुपानं पाखडून हळद वस्त्रगाळ हुती व्हय?" सांगलीत हळदीशिवाय बोलणं पुरं होत नाही, पण तिने नेमकी गोष्ट पकडली होती. पाखडणं वजनावर चालतं, गाळणं कापडावर.

सायक्लोन पाखडतो. हवा कडेने आत शिरते आणि शंकूत गरगर फिरते. जड कण बाहेरच्या भिंतीवर फेकले जातात आणि घसरत ड्रममध्ये पडतात. हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. कण मोठा असेल तोवर हे झकास चालतं. पण कणाचा व्यास निम्मा झाला की त्याचं वजन आठव्या हिश्श्यावर येतं, आणि हवेची त्याच्यावरची पकड मात्र निम्मीच होते. त्यामुळे कण जितका बारीक, तितका तो भिंतीकडे जायचं सोडून हवेबरोबर जातो. घरगुती सायक्लोन साधारण दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचा माल चांगला खाली पाडतात; त्याखाली त्यांची ताकद भरभर घटते. खळ्यावर वारं देताना दाणे पायाशी पडतात आणि फोलपट पलीकडे उडून जातं, तसंच हे. आपल्या खोलीत जे पलीकडे उडून जातं, तेच सगळ्यात घातक असतं.

माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. पाण्याइतक्या घनतेचा पन्नास मायक्रॉनचा कण स्थिर हवेत पाच फुटांवरून वीसेक सेकंदांत खाली येतो. दहा मायक्रॉनच्या कणाला आठेक मिनिटं लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास. आणि खोलीतली हवा कधीच इतकी स्थिर नसते, पंखा चालू असेल तर मुळीच नाही. ग्रॅनाइटवर सकाळी दिसलेली पूड या हिशोबात बसते. डोळ्याला दिसणारा भुसा नाकात, घशात अडकतो. न दिसणारा खोल फुफ्फुसात उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातली आहे. नाकाच्या कर्करोगाशी तिचा संबंध पक्का झालेला आहे. म्हणून मी "थोडी धूळ चालायचीच" असं आता म्हणत नाही.

आता फिल्टर. कलेक्टरबरोबर जी कापडी पिशवी येते ती बहुतेक वेळा तीस मायक्रॉनच्या आसपासची असते. आईचा शब्द इथे पुन्हा आठवतो. हळद वस्त्रगाळ करताना कापडातून जे खाली पडतं ते आपल्याला हवं असतं, वर राहतं ते जाड. मूळ पिशवी हेच काम करते: जाड भुसा आत ठेवते आणि वस्त्रगाळ पूड खोलीत सोडते. सायक्लोन लावल्यावर तर त्या पिशवीत मुख्यतः बारीक मालच पोचतो, आणि नेमका तोच तिला अडवता येत नाही.

चांगला फिल्टर नुसता चाळणीसारखा नसतो. धाग्यांच्या जाळ्यात काही कण आदळून अडकतात, काही कडेला चिकटतात आणि अगदी बारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी थरथरत जाऊन धाग्याला लागतात. पकडायला सगळ्यात अवघड आकार ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा असतो. त्याहून मोठे आणि त्याहून लहान, दोन्ही जास्त पकडले जातात. म्हणूनच एन-९५ मास्कची आणि हेपा (अतिबारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरची चाचणी त्या आकारावर होते. विकत घेताना नुसतं "५ मायक्रॉन" किंवा "१ मायक्रॉन" लिहिलेलं पुरत नाही. त्या आकाराचे किती टक्के कण अडतात, हे विचारा. टक्केवारी सांगता आली नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही. युरोपात धूळ ओढणाऱ्या व्हॅक्युम क्लीनरना एल, एम, एच असे वर्ग देतात: एलमधून जास्तीत जास्त एक टक्का धूळ निसटू शकते, एममधून ०.१ टक्का, एचमधून ०.००५ टक्का. लाकडाच्या धुळीसाठी तिथे एम धरतात. आपल्याकडे घेताना एवढा मापदंड डोक्यात असला तरी बोलणं सोपं होतं.

पण बारीक कापड आणून जुन्याच मापाची पिशवी शिवली तर काम बिघडतं, आणि हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. माझ्या मूळ पिशवीचं क्षेत्रफळ आठेक चौरस फूट. कलेक्टर खरोखर मिनिटाला ३५० घनफूट हवा ओढतो असं धरू (खोक्यावरचा आकडा पाइप न जोडता मोजलेला असतो, तो सोडून द्या). म्हणजे कापडाच्या दर चौरस फुटातून मिनिटाला चव्वेचाळीस घनफूट हवा घुसते. एवढ्या जोरात बारीक कापड लगेच गुदमरतं. चुण्या घातलेल्या कार्ट्रिजमध्ये कागद किंवा पॉलिस्टर दुमडून तेवढ्याच उंचीत पन्नास चौरस फूट बसवतात. मग तीच हवा मिनिटाला सात घनफुटांच्या हिशोबाने सावकाश जाते. अडथळा कमी होतो, बारीक कण निसटत नाहीत आणि पंख्याची ताकद सँडरच्या तोंडाशी पोचते.

इथे सायक्लोन आणि फिल्टर एकमेकांवर अवलंबून आहेत हे कळतं. सायक्लोन नसेल तर कार्ट्रिजच्या चुण्या भुशाने दोन दिवसांत बुजतात. उलट फिल्टर बुजला की हवेचा वेग पडतो, वेग पडला की सायक्लोनमधली फिरकी मंदावते आणि एरवी ड्रममध्ये पडणारा मालही फिल्टरकडे जायला लागतो. आपण मात्र सायक्लोन खराब आहे म्हणत बसतो. अशा वेळी मोटरच्या आवाजावर किंवा अँपिअरवर जाऊ नका. या पंख्यांची वाट अडली की मोटरवरचा भार वाढत नाही, कमी होतो.

ड्रमचं झाकण हवाबंद हवं. सायक्लोनच्या खालून थोडीशी हवा जरी आत शिरली तरी खाली पडलेली धूळ तीच वर घेऊन जाते. मी दाराच्या फटींना लावतात ती फोमची पट्टी झाकणाला लावली आणि ड्रम लवकर रिकामा करायला लागलो. तीन चतुर्थांशाच्या वर भरू देत नाही. प्लॅस्टिकचा पातळ ड्रम मात्र घेऊ नका, पाइप अडला की ओढीने तो आत चेपतो.

फिल्टरच्या बाजूची गळती रात्री शोधा. दिवे बंद करा, टॉर्चचा झोत क्लॅम्पच्या (फिल्टर आवळून धरणाऱ्या पट्ट्याच्या) कडेने तिरका धरा आणि कलेक्टर चालू करून कुणाला तरी काचपेपरने लाकूड घासायला सांगा. झोतात धूर वाहताना दिसेल ती जागा पकडायची. माझ्याकडे कापडातून नव्हे, पिशवीच्या पट्ट्याखालून धूळ येत होती. महागडं कार्ट्रिज लावून क्लॅम्प ढिला ठेवला तर पैसे वाया.

साफ करतानाही घाई नको. फिल्टरवर साचलेला धुळीचा पातळ थर स्वतःच बारीक कण अडवायला मदत करतो. नवी कोरी पिशवी सुरुवातीला जास्त गळते, याचं कारण हेच. म्हणून हवा स्पष्टपणे कमी ओढायला लागली तरच कार्ट्रिज बाहेर अंगणात नेतो, मास्क लावतो आणि स्वच्छ बाजूने कमी दाबाची हवा मारतो. पावसाळ्यात दमट धूळ चुण्यांत घट्ट बसते, तेव्हा हे जास्त वेळा करावं लागतं. लोखंड घासायचं असेल तर हा पाइप तिथे लावायचाच नाही. ठिणगी थेट भुशाच्या ड्रममध्ये जाते.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मी आधी फिल्टर घ्यायला सांगेन, सायक्लोन पुढच्या पगाराला. आणि घरामागे मोकळी जागा असेल तर त्याहून सोपा उपाय आहे, जो थंड देशातल्या लोकांना परवडत नाही, कारण खोलीतली ऊब हवेबरोबर निघून जाते. सांगली-साताऱ्यात ती अडचण नाही. आम्ही कलेक्टर भिंतीबाहेर पत्र्याच्या छपराखाली हलवला, चार इंची पाइप भिंतीतून आत घेतला, आणि शेजाऱ्यांच्या वाळवणावर धूळ जाऊ नये म्हणून कार्ट्रिज तसंच ठेवलं. हवा बाहेर जाते तेवढी आत यायला हवी, म्हणून काम करताना खिडकी उघडी ठेवतो.

मित्र पुन्हा तबली घासायला आला तेव्हा दोघांनीही मास्क लावले होते आणि सँडर थांबल्यावरही अर्धा तास काढले नाहीत. ग्रॅनाइटचा तुकडा त्या रात्री पुन्हा कपाटावर ठेवला. सकाळी बोट फिरवलं, रेघ उमटली, पण ती दिसायला उजेडात तिरकं बघावं लागलं.