काठीतली सरळ तलवार

माझ्या एका मित्राच्या दिवाणखान्यात कोपऱ्यात एक काळी चकचकीत काठी उभी असते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात तो ती देतो, "वजन बघ जरा" म्हणतो आणि मग मुठीजवळचं बारीक बटण दाबतो. खट्! आतून सव्वा हात लांब पातं बाहेर येतं. धारेला समांतर धावणारी पांढरट नागमोडी रेघ दिव्याखाली चमकते आणि पाहुणा "बापरे" म्हणतो. मीही म्हणालो. पण "अगदी अस्सल जपानी पद्धतीचं आहे हं" असं तो म्हणाला, तेव्हा मला शंका आली. पातं पट्टीसारखं सरळ होतं आणि तरी त्यावर ती रेघ होती. या दोन गोष्टी एका पात्यावर सुखाने नांदत नाहीत.

आपण ज्याला गुप्ती म्हणतो, त्याचंच जपानी भावंडं म्हणजे शिकोमिझुए. शब्दाचा अर्थ साधा आहे: आत काहीतरी बसवलेली काठी. 1876 साली मेइजी सरकारने फर्मान काढून लष्कर, पोलीस असे मोजके अपवाद सोडता इतरांना कमरेला तलवार लावून फिरायची बंदी केली. सामुराईंची तर शतकानुशतकांची ओळखच त्या तलवारीत होती. अशा काळात काठीतल्या तलवारींना गिऱ्हाईक मिळालं नसतं तरच नवल.

आता त्या सरळपणाकडे येऊ. जपानी तलवारीचा बाक कोणी कोरून काढत नाही. हा बाक बराचसा पाण्यात तयार होतो. लोहार पात्याला माती, कोळशाची पूड आणि सहाणेच्या दगडाची भुकटी यांचा लेप देतो. पाठीवर जाड, धारेवर अगदी पातळ. मग पातं साधारण 750 ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत, लालबुंद होईस्तोवर तापवून थेट पाण्यात बुडवतो. इतक्या उष्णतेत कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकांत मुरलेले असतात. पाठ जाड लेपामुळे सावकाश निवते, कार्बनला बाहेर पडून वेगळं व्हायला सवड मिळते आणि तिथलं पोलाद तुलनेने मऊ, चिवट राहतं. धार मात्र क्षणार्धात गार होते. कार्बन आतच अडकतो, स्फटिकांची जाळी ताणली जाते. या अतिकठीण रूपाला मार्टेन्साइट म्हणतात आणि त्याला थोडी जास्त जागा लागते. धारेची बाजू अशी पसरली की पातं पाठीच्या दिशेने वाकतं. गंमत म्हणजे पाण्यात जाताच पहिल्या क्षणी ते उलटं, धारेकडे वाकतं, कारण धार आधी आकसते. मग मार्टेन्साइट तयार होऊ लागतो आणि पातं फिरतं. याच क्षणी एखाद्या पात्याला तडाही जातो आणि लोहाराची कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते.

कठीण आणि मऊ पोलादाची ही सीमारेषा म्हणजेच ती नागमोडी रेघ, हामोन. म्हणजे रेघ आणि बाक ही एकाच घटनेची दोन लेकरं. सरळ पात्यावर खरी हामोन अशक्य नाही. लोहार आधीच पातं थोडं उलटं वाकवून घडवू शकतो. जपानच्या जुन्या तलवारी तर सरळच होत्या, नारा शहरातल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातल्या अशा तलवारी आजही जपून ठेवल्या आहेत. तरीही सरळ काठी आणि ठसठशीत रेघ एकत्र दिसली, की भिंग मागायला हरकत नसते.

मी मागितलं. खऱ्या हामोनमध्ये रेघ अशी नसतेच. धुक्यासारखा पट्टा असतो, कधी त्यात दंवासारखे चमकते कण दिसतात आणि दिव्याखाली पातं कलतं करत गेलं की तो उलगडत जातो. मित्राच्या पात्यावर भिंगातून दिसले एकाच दिशेचे बारीक ओरखडे. शिवाय प्रत्येक लाट पहिल्या लाटेसारखी, साडीच्या छापील काठासारखी. तारेच्या ब्रशने घासून किंवा ॲसिडने खरवडून अशी नक्षी करता येते. पोलादाच्या पोटाशी तिचा काही संबंध नसतो.

मग फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं. ते चिकटलं. मित्र खूश झाला, पण या परीक्षेचा अर्थ नीट लावावा लागतो. चुंबक चिकटलं नसतं, तर पातं बहुधा जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं निघालं असतं. जपानमध्ये तलवार उपसण्याचा सराव करणारे बरेच जण मुद्दाम असंच पातं वापरतात. त्याला धार धरत नाही आणि तिथल्या कडक कायद्याच्या कचाट्यातूनही ते सुटतं. चुंबक चिकटलं म्हणजे पोलाद एवढं नक्की, पण ते स्टेनलेसही असू शकतं. घरातल्या बऱ्याचशा स्टीलच्या डब्यांना चुंबक चिकटत नाही, म्हणून आपला समज होतो की कुठल्याच स्टेनलेसला चिकटत नाही. डब्याच्या स्टीलमध्ये निकेल असतं, त्यामुळे त्याची स्फटिकरचना वेगळी. सुरीच्या पात्याच्या स्टेनलेसला मात्र चुंबक सहज चिकटतं.

सुरीसाठी हे स्टेनलेस उत्तम. पण हातभर लांबीच्या पात्याला चिवटपणा लागतो, आणि हे कडक केलेलं स्टेनलेस त्या मानाने ठिसूळ असतं. जोरात आपटलं तर वाकून सावरण्याऐवजी ते तुटू शकतं.

इथे एक गल्लत मोडून टाकतो. सिनेमात दिसणारी, मुठीवर दोरी नाही, मधे हातरक्षक चकती नाही, नुसतं गुळगुळीत पांढरं लाकूड, अशी तलवार म्हणजे गुप्ती नव्हे. ती शिरासाया, पात्याला विसावा द्यायची म्यान. होनोकी नावाच्या मॅग्नोलियाच्या जातीच्या, कमी डिंकाच्या मऊ लाकडाची ती असते आणि दोन फाकी भाताच्या खळीने चिकटवतात, म्हणजे साफ करायची वेळ आली की सहज उकलता येते. आत जाणाऱ्या पात्याला लवंगेच्या वासाचं तेल लावलेलं असतं. शोभेच्या दुकानात हेच रूप काळ्या रंगात काठी म्हणून विकतात.

शेवटी मूठ उघडून बघायचं ठरलं. खऱ्या तलवारीचं पातं मुठीत खोलवर रुंदच उतरतं, त्याला आरपार भोक असतं आणि बांबूची खुंटी त्यात बसते. मुठीतला तो भाग लोहार कधी चकचकीत करत नाही. त्यावरच्या गंजाच्या रंगावरून जाणकार तलवारीचं वय ताडतात, आणि नाव कोरलेलं असेल तर तेही तिथेच. मित्राच्या मुठीतून निघाली पेन्सिलीपेक्षा बारीक सळई, पात्याला झाळलेली, टोकाला आटे आणि एक नट. रुंद पातं जिथे एकदम बारीक होतं, फिरवताना सगळा ताण नेमका तिथेच साचतो. अशी काठी अंगणात हवेत फिरवायचा मोह झालाच, तर पातं मुठीतून सुटून कुठे जाईल ते सांगता यायचं नाही. आपल्या शस्त्र नियमांतही तलवारीच्या जोडीला काठीतल्या तलवारीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, तेव्हा ती बाहेर मिरवण्याआधी परवान्याची चौकशी केलेली बरी.

नट सैल झाला होता. मित्राने पाना आणून तो आवळला, पातं पुसलं आणि काठी पुन्हा कोपऱ्यात उभी केली.