हॅमवरचा पाक का वाहून जातो?

नाताळच्या दुपारी शेजारच्या आजींनी इलेक्ट्रिक रोस्टरचं झाकण उचललं आणि वाफेचा लोट उसळला. तो ओसरल्यावर पाहतो तर तासाभरापूर्वी ब्रशने लावलेला ब्राउन शुगरच्या पाकाचा दाट थर हॅमवर नव्हताच. तो सगळा तळाशी पातळ तपकिरी पाण्यात जमा झाला होता. वर फिकट, ओली साल आणि तिच्यात टोचलेल्या लवंगा तेवढ्या उरल्या होत्या. आजींचा चेहरा पडला. सांगलीहून आलेली माझी आत्या हे सगळं बघत होती. हॅम कापल्यावर आतला गुलाबी रंग पाहून तिने माझ्या कानाशी विचारलं, "अरे, हे कच्चंच राहिलंय का?"

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हा गैरसमज इथे अमेरिकेत जन्मलेल्यांनाही असतो. हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी. नाताळला किंवा ईस्टरला घरी येणारं हॅम बहुतेक वेळा मिठाच्या पाण्यात मुरवलेलं आणि कारखान्यातच पूर्ण शिजवलेलं असतं. घरी ते फक्त गरम करायचं. मुरवणाच्या पाण्यात थोडं सोडियम नायट्राइट असतं. त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि मांसाला रंग देणाऱ्या मायोग्लोबिनमधल्या लोहाला जाऊन चिकटतो. साधं मांस शिजताना या लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन रंग तपकिरी होतो. इथे लोहाची जागा आधीच अडवलेली असल्याने गुलाबी रंग शिजल्यावरही टिकतो. पूर्वी हेच काम सोरा करायचा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. या रंगामागचं रसायनशास्त्र जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०१ मध्ये उलगडलं. तेव्हा हॅमच्या बाबतीत रंगावरून कच्चं-पक्कं ठरवू नये, थर्मामीटर खुपसून बघावं.

याच नायट्राइटवरून इथल्या दुकानांत जो प्रचार चालतो, त्याचा मला मनापासून राग येतो. 'अनक्युअर्ड, नायट्राइट न घातलेलं' असं लिहिलेलं हॅम जास्त पैसे घेऊन विकलं जातं. मागे बारीक अक्षरांत असतं, 'सेलरी पावडरमधल्या नैसर्गिक नायट्राइटखेरीज'. सेलरीच्या भाजीत नायट्रेट भरपूर असतं, जिवाणूंकडून त्याचं नायट्राइट करून घेतात आणि तेच मांसात जातं. रेणू तोच, रंगही तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक गटात टाकलं, त्यात सेलरीवाल्या हॅमला सूट नाही. सणाला चार फोडी खाव्यात, रोज खाऊ नये, हे दोन्ही हॅमना सारखंच लागू आहे.

आता आजींचा प्रश्न. रोस्टर म्हणजे सतरा-अठरा लिटरचं अंडाकृती भांडं. तापणाऱ्या तारा त्याच्या बाजूंना वेढून असतात आणि वर घट्ट झाकण. विस्कॉन्सिनमध्ये, जिथे मी राहतो, मिलवॉकीच्या 'नेस्को' कंपनीने १९३० च्या दशकात हे यंत्र घराघरांत पोहोचवलं. चर्चच्या जेवणावळीत अजून अशा रोस्टरांची रांग दिसते. ओव्हनमध्ये टर्की किंवा 'पाय' नावाचा गोड पदार्थ असला की हॅम रोस्टरमध्ये जातं. ओव्हनची भट्टी आणि रोस्टर, दोन्हींची खुंटी १६३ अंश सेल्सिअसवर म्हणजे इथल्या ३२५ फॅरनहाइटवर असली, तरी आत घडतं ते वेगळं. ते कळायला वाफ समजून घ्यावी लागते.

दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा आठवा. एक ग्रॅम उकळतं पाणी शून्य अंशापर्यंत थंड झालं तर १०० कॅलरी उष्णता सोडतं. पण १०० अंशांच्या एक ग्रॅम वाफेचं नुसतं १०० अंशांचं पाणी झालं, तरी ५४० कॅलरी बाहेर पडतात. तापमान एका अंशानेही न बदलता! रोस्टरच्या झाकणाखाली हॅममधून सुटलेली वाफ कोंडते. हॅमची साल थंड असते, तिच्यावर ती वाफ पाणी होऊन बसते आणि तिथेच हे ५४० चं माप रितं करते. म्हणून रोस्टरमध्ये साल भट्टीपेक्षा लवकर तापते. भट्टीच्या कोरड्या हवेत उलटं असतं. तिथे सालीवरचं पाणी उडत राहतं आणि उडताना तीच उष्णता घेऊन जातं, उन्हाळ्यात माठाचं पाणी थंड होतं तसं. त्यामुळे भट्टीतली हवा १६३ अंश असली तरी ओली साल बराच वेळ १०० च्या खालीच असते. पण पाणी संपलं की साल वाळते, आणि मग मात्र तापमान झपाट्याने चढतं.

खमंगपणा या चढण्यात आहे. साखर आणि प्रथिनांतले अमिनो आम्लांचे भाग यांची अभिक्रिया लुई-कामिय माय्यार यांनी १९१२ मध्ये वर्णन केली. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला कांदा, खरपूस खवा, सगळ्यांचा वास तिचाच. स्वयंपाकाच्या वेळात ती जोर धरते १४० अंशांच्या आसपास. साध्या साखरेचं कॅरॅमल व्हायला १६० च्या जवळ जावं लागतं. वाफेने भरलेल्या रोस्टरमध्ये ओली साल १०० लाच अडकते. तिथे तासभर जास्त ठेवलं तरी म्हणावा तसा रंग येत नाही.

पण मग थर वाहून का गेला? नुसता फिका राहायला हवा होता. मला या सगळ्यात सर्वांत आवडलेला भाग हाच आहे. आपल्याकडे लाडवांचा पाक करताना आपण तार बघतो. निम्मी साखर, निम्मं पाणी असलेला पाक १०२ अंशांच्या आसपास उकळतो. साखर ८० टक्के झाली की सुमारे ११०, तेव्हा दोन बोटांत तार येते. ८५ टक्क्यांना ११५ च्या जवळपास गोळी वळते. म्हणजे तार हे तापमानच आहे आणि तापमान हे पाण्याचं प्रमाण आहे. साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात, पाकावरचा बाष्पदाब, म्हणजे त्यातून सुटू पाहणाऱ्या वाफेचा दाब, उतरतो आणि त्याला वातावरणाच्या दाबाशी बरोबरी करायला जास्त तापावं लागतं. राऊल्टच्या नियमाचा हा गाभा. साखरेचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा १९ पट जड असतो, त्यामुळे वजनाने भरपूर साखर पडेपर्यंत उत्कलनबिंदू फारसा हलत नाही, आणि शेवटी शेवटी मात्र भराभर चढतो. पाक क्षणात पुढे जातो तो यामुळे.

हेच आता उलटं वाचा. ११० अंशांना उकळणारा तारेचा पाक तुम्ही ९० अंशांच्या हॅमवर लावला आणि भोवती जवळजवळ शुद्ध वाफ आहे. पाकाचा बाष्पदाब बाहेरच्या वाफेच्या दाबापेक्षा कमी. मग पाकातून पाणी बाहेर जाणार नाही, बाहेरची वाफ पाकात शिरेल. १०० अंश झाले तरी शिरतच राहील, कारण समतोल यायला त्या पाकाला ११० व्हावं लागेल आणि तोवर तो पातळ झालेला असेल. पावसाळ्यात उघडा राहिलेला गूळ पाझरतो, त्याच घटनेचं हे तापलेलं रूप. आजींच्या पाकाने तासभर वाफ पिऊन घेतली, झाकणावरून टपकणारे थेंब वर पडले आणि सगळं ओघळून खाली गेलं. त्यात चूक फक्त वेळेची होती.

ईस्टरला आम्ही दोघांनी मिळून पुन्हा केलं. रोस्टरमध्ये पाणी अजिबात घातलं नाही. हॅम झाकण लावून, काहीही न फासता तापू दिलं. साडेचार किलोच्या तुकड्याला तीनेक तास लागले. मांसातून उष्णता फार सावकाश सरकते आणि जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो, त्यामुळे खुंटी वाढवून घाई करण्यात अर्थ नसतो. हाडाला न टेकवता मध्यभागी थर्मामीटर खुपसला. कारखान्यात शिजवून बंद केलेल्या हॅमला ६० अंश पुरतात, दुकानात उघडून पुन्हा बांधलेल्याला ७४ लागतात.

दरम्यान शेगडीवर पाक केला. ब्राउन शुगर म्हणजे काकवी मिसळलेली साखर, म्हणून मी तिच्याजागी आत्याने आणलेला कोल्हापुरी गूळ घातला. त्यात मोहरीची चटणी आणि थोडा मध. मधातलं फ्रुक्टोज ११० च्या आसपासच रंगायला लागतं, म्हणून थोडा पुरतो. गोळी वळेपर्यंत आटवला. हॅम रोस्टरमधून काढलं, साल कागदाने टिपून कोरडी केली, चाकूने चौकड्या पाडल्या, पाक फासला आणि ओव्हनच्या वरच्या तापलेल्या सळीखाली ठेवलं. रोस्टरमध्ये वरून उष्णता नसतेच, त्यामुळे नुसतं झाकण उघडून हे जमत नाही.

चौथ्या मिनिटाला कडांवर बुडबुडे मोठे आणि संथ झाले, म्हणजे पाणी सरत आलं. सहाव्या मिनिटाला चौकड्यांच्या टोकांवर तांबूस रंग धरला आणि भाजलेल्या गुळाचा वास दिवाणखान्यापर्यंत गेला. आजींनी चमच्याने वर टकटक केलं. कडक आवाज आला.