राइट बंधूंपैकी हॅरी कोण आणि जॉर्ज कोण?

राइट बंधू म्हटलं की आपल्याला विमान आठवतं. बेसबॉलच्या इतिहासात मात्र राइट बंधू म्हणजे हॅरी आणि जॉर्ज. दोघे एकाच संघात खेळले, दोघांची नावं हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या सन्मानयादीत आहेत, त्यामुळे एकाचं श्रेय सर्रास दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं. मला ते खटकतं, कारण दोघांची कामं अगदी वेगळी होती.

हॅरी थोरला. जन्म १८३५, इंग्लंडमधलं शेफील्ड. जॉर्ज त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, जन्म न्यूयॉर्कचा. वडील सॅम्युअल न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबचे पगारी क्रिकेटपटू होते, त्यामुळे दोन्ही पोरं आधी क्रिकेट शिकली आणि मग बेसबॉलकडे वळली. खेळून पगार घेण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं.

१८६९ साली सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्जने उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगारावर ठेवलं. असं करणारा हा पहिला संघ. तो बांधला हॅरीने. कर्णधार तोच, सेंटर फील्डला, म्हणजे मैदानात मागे मधोमध उभा राहणाराही तोच, शिवाय सराव, सामन्यांच्या तारखा, प्रवास, हिशेब हे सगळं त्याच्याकडे. त्याचा मोसमाचा पगार १,२०० डॉलर. जॉर्जचा १,४००! धाकट्याला जास्त, कारण शॉर्टस्टॉप म्हणून त्याच्या तोडीचा खेळाडू त्या काळात नव्हता. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धाव पूर्ण करताना गाठायच्या टप्प्यांच्या) मधला क्षेत्ररक्षक. हातमोजे तेव्हा नव्हतेच. जॉर्ज उघड्या हातांनी चेंडू अडवायचा, तोही इतरांपेक्षा बराच मागे उभा राहून, कारण लांबून फेकण्याइतकी ताकद त्याच्या हातात होती.

दोघांमधला फरक एकाच सामन्यात पाहायचा असेल तर १४ जून १८७०, ब्रुकलिन. एकीकडे १८६९चा अख्खा मोसम न हरलेले रेड स्टॉकिंग्ज, समोर ब्रुकलिनचा अटलांटिक्स संघ. नऊ डावांनंतर ५-५ अशी बरोबरी. अटलांटिक्सला बरोबरी चालणार होती, लोक मैदानात शिरले होते. हॅरी अडून बसला: नियमाप्रमाणे खेळ पुढे झाला पाहिजे. दहाव्या डावात अटलांटिक्सचे धावपटू बेसवर असताना जॉर्जकडे सोपा उंच झेल आला. झेल होणार म्हणून धावपटू जागेवरच थांबले. जॉर्जने चेंडू मुद्दाम खाली पडू दिला. आता धावपटूंना पुढच्या बेसकडे पळणं भाग होतं. त्याने चेंडू झटकन उचलून फेकला आणि एकाऐवजी दोन बाद केले. अशा चलाखीला आळा घालणारा नियम पुढे १८९०च्या दशकात आला. अकराव्या डावात मात्र अटलांटिक्स ८-७ने जिंकले. नियमाचा आग्रह थोरल्याचा, हातातली करामत धाकट्याची.

त्या मोसमानंतर हा पगारी संघ मोडला. हॅरी १८७१ला बॉस्टनला गेला आणि रेड स्टॉकिंग्ज हे नावही सोबत घेऊन गेला. जॉर्जही तिथेच. १८७२ ते १८७५ सलग चार विजेतेपदं आली. (आजच्या सिनसिनाटी रेड्सचा १८६९च्या संघाशी थेट धागा नाही. बॉस्टनच्या त्या संघाचा वारसा आज अटलांटा ब्रेव्ह्जकडे आहे.)

‘जॉर्ज नुसता खेळाडू आणि हॅरी व्यवस्थापक’ अशी सरळ विभागणी करायला जावं, तर १८७९ आडवं येतं. त्या वर्षी जॉर्ज प्रॉव्हिडन्स या संघाचा व्यवस्थापक झाला आणि विजेतेपद घेऊन गेला. दुसरा आला हॅरीचा बॉस्टन. जॉर्जने व्यवस्थापकपद पुन्हा घेतलं नाही. खेळाच्या सामानाच्या ‘राइट अँड डिट्सन’ या आपल्या कंपनीत त्याचा जीव जास्त रमला. हॅरी मात्र १८९३पर्यंत, शेवटची दहा वर्षं फिलाडेल्फियात, संघच सांभाळत राहिला. ‘व्यावसायिक बेसबॉलचा जनक’ ही उपाधी त्याचीच.

१८८२ साली जॉर्ज शेवटचा मोसम खेळला तो प्रॉव्हिडन्सकडूनच. त्या वर्षी तिथला व्यवस्थापक होता हॅरी.