‘कॅटलॉग’ या शब्दाचा घोळ

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९०ची. फोटो उघडा, सुधारा, सेव्ह करा, एवढंच तिचं काम. रोल छत्तीसचा आणि निगेटिव्ह पाकिटात, त्यामुळे फोटो शोधायला वेगळा प्रोग्राम लागेल असं कोणाच्या मनात नव्हतं. तो लागायला लागला डिजिटल कॅमेऱ्यांमुळे. आयफोटो आणि पिकासा दोन्ही २००२ची. पिकासा २००४मध्ये फुकट झालं आणि आपल्याकडे लग्न-मुंजीच्या सीडींमधले फोटो त्यात उघडू लागले.

घोळ सुरू झाला तो पुढच्या पिढीत. २००५च्या अखेरीस ॲपर्चर आलं, फेब्रुवारी २००७मध्ये लाइटरूम. दोघांचाही भर रॉ फाइलींवर. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेला कच्चा माल. त्याला कोणी हात लावत नाही. उजेड किती वाढवला, कडा किती कापल्या, ही टिपणं वेगळी ठेवतात. लाइटरूम ती ज्या डेटाबेसमध्ये ठेवतं, त्याचं नाव कॅटलॉग.

‘इम्पोर्ट’ दाबलं की फोटो प्रोग्रामच्या पोटात गेले, असंच कोणालाही वाटेल. आयफोटोत एरवी तसंच व्हायचं, मूळ फोटोची प्रत त्याच्या लायब्ररीत जायची. लाइटरूममध्ये फोटो राहतात आपल्याच फोल्डरमध्ये. कॅटलॉगमध्ये असतो त्यांचा पत्ता, टॅग, स्टार आणि दुरुस्त्यांची नोंद. ‘इम्पोर्ट’ हा शब्द एक, अर्थ दोन. म्हणून कोणी नुसत्या कॅटलॉगचा बॅकअप घेऊन निर्धास्त होतं, तर कोणी फोल्डर परस्पर दुसऱ्या डिस्कवर हलवतं आणि मग प्रोग्रामला एकही मूळ फोटो सापडत नाही. या दुसऱ्या प्रकारात निदान फोटो तरी शाबूत असतात.

नोंदी फोटोतच किंवा शेजारच्या छोट्या फाइलीत लिहायची सोय, एक्सएमपी, २००१पासून आहे. लाइटरूमलाही ती येते, पण आपोआप लिहिण्याचा पर्याय मुळात बंद ठेवलेला असतो. वेगासाठी हे केलं असेलही. तरी माझ्या मते वापरणाऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान या एका निर्णयाने केलं. २००९मध्ये आलेलं मुक्त (ओपन सोर्स) डार्कटेबल फोटोशेजारी एक्सएमपी फाइल लिहीत आलं आहे. त्यातल्या दुरुस्त्या दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येत नाहीत, पण टॅग आणि स्टार वाचता येतात, आणि दहा वर्षांनी फोटो शोधताना तेच कामाला येतात.

जून २०१४मध्ये ॲपर्चरचा विकास थांबल्याचं जाहीर झालं. तिथून लाइटरूमकडे गेलेल्यांचे टॅग सोबत आले, दुरुस्त्या आल्या नाहीत. मार्च २०१६मध्ये पिकासा बंद झालं. ऑक्टोबर २०१७मध्ये तर ‘लाइटरूम सीसी’ हे चालू नावच नव्या, क्लाउडवर चालणाऱ्या प्रोग्रामला दिलं गेलं आणि जुना झाला ‘क्लासिक’. एकदाच पैसे भरून घ्यायची सहावी आवृत्ती शेवटची ठरली. वर्गणी थांबली तरी क्लासिकमध्ये फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात. दुरुस्त्या करायचा डेव्हलप विभाग मात्र बंद होतो.

ज्यांना हे सगळं नको होतं, ते २०१५पासून गुगल फोटोजकडे गेले. तिथली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१पासून बंद झाली. टेकआउट या गुगलच्याच सोयीतून फोटो परत मागवले की वर्णनं वेगळ्या जेसन (मजकुराच्या) फाइलींमध्ये येतात आणि ती पुन्हा फोटोंना जोडायचं काम मागवणाऱ्यावर पडतं.