नवं पॅटर्न विमान घेण्याआधी

रेडिओने उडवायच्या मॉडेल विमानांच्या ‘पॅटर्न’, म्हणजे अचूक कसरतींच्या, स्पर्धांत ‘सध्या कोणतं डिझाइन जिंकतंय?’ हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. आम्ही उलट विचारतो, तुम्ही उडवणार कोणतं शेड्यूल, म्हणजे ठरलेल्या कसरतींचा कोणता क्रम? कारण एफ३ए, म्हणजे या स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय वर्गातल्या, विमानाचा आकार फॅशनने ठरत नाही. तो नियम आणि कसरती यांच्या ओढाताणीतून ठरतो.

नियमाने पंखांचा विस्तार आणि लांबी, दोन्ही जास्तीत जास्त २ मीटर. या मर्यादा डिझायनरांनी केव्हाच गाठल्या. मोकळी राहिली ती उंची, म्हणून गेल्या काही वर्षांत फ्यूजलाज (विमानाचं धड) वरखाली फुगत गेलं. त्यामागे कारणही तसंच आहे. आजच्या अंतिम फेरीच्या शेड्यूलमध्ये लूप (उभं वर्तुळ) किंवा आडवं वर्तुळ उडवता उडवताच रोल, म्हणजे लांबीच्या अक्षाभोवती गिरक्या, करायचे असतात. विमान कुशीवर आलं की पंख उचल देत नाहीत. वजन पेलतं ते रडरने (शेपटीच्या उभ्या हलत्या पट्टीने) नाक थोडं वर धरलेल्या फ्यूजलाजच्या बाजूने. बाजू जितकी मोठी, तितका रडर कमी लागतो आणि वेगही कमी मोडतो.

खरी डोकेदुखी पुढे आहे. नाइफ-एजमध्ये, म्हणजे असं कुशीवर उडताना, रडर दिला की नाक कॅनोपीकडे (कॉकपिटच्या झाकणाकडे) किंवा पोटाकडे ओढलं जातं, शिवाय विमान थोडं रोलही होतं. ट्रान्समीटरमधला मिक्स (रडरसोबत इतर नियंत्रणं आपोआप हलवणारी सेटिंग) हे झाकतो, पण तो बसवलेला असतो एका ठरावीक वेगासाठी. रोलिंग लूपमध्ये वेग आणि रडर दोन्ही क्षणोक्षणी बदलतात, तिथे तो अपुरा पडतो. कॅनोपीवरची छोटी पंखासारखी पट्टी (कॅनलायझर), बायप्लेनचे (एकावर एक दोन पंखांच्या विमानाचे) प्रयोग, पंख आणि स्टॅबच्या (शेपटीच्या आडव्या पंखाच्या) उंचीतले बारीक फेरफार, हे सगळं मुख्यतः या एका दुखण्यावरचे उपाय आहेत. पुढची चुरसही आमच्या मते इथेच आहे. ताकद आता पुरेशी आहे. कमीत कमी मिक्सवर सरळ उडणारं विमान अजून दुर्मीळ आहे.

इंजिनांचा काळ बहुतांशी सरला. इलेक्ट्रिकमध्ये १० सेलची लिपो बॅटरी रुळली आहे. तिचा मोठा फायदा ताकदीपेक्षा ब्रेकचा: खाली येणाऱ्या रेषेत प्रॉप (पुढचा पंखा) विमानाला धरून ठेवतो, त्यामुळे वर जाताना आणि खाली येताना वेग जवळपास सारखा राहतो. एकाच अक्षावर उलटसुलट फिरणारे दोन प्रॉप, म्हणजे काँट्रा ड्राइव्ह, हे त्यापुढचं पाऊल. दोघांचा टॉर्क (विमानाला उलट फिरवणारा जोर) एकमेकांना छेदतो, मागे जाणारी हवा कमी पिळवटते, उभी रेषा सरळ राहते. मात्र वजन वाढतं, आवाजाचा पोत बदलतो आणि गिअरबॉक्सची निगा ठेवावी लागते. काँट्रा छान आहे. पण १५ अंशांच्या चुकीला परीक्षक साधारण १ गुण कापतात, आणि सरावाअभावी होणारी ती चूक कुठलाही गिअरबॉक्स भरून काढत नाही.

जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारं उपकरण) बसवून द्याल का, असंही विचारतात. एफ३ए स्पर्धेत त्याला परवानगी नाही, म्हणून स्पर्धेच्या विमानात आम्ही तो बसवत नाही. त्यापेक्षा सरावासाठी फ्लाइट रेकॉर्डर घ्या. उड्डाणाची नोंद संगणकावर त्रिमितीत पाहिली की आपली ‘गोल’ लूप किती अंडाकृती होती ते दिसतं. (पहिल्यांदा पाहणाऱ्यांपैकी बहुतेक जण आधी रेकॉर्डरवरच शंका घेतात.) भूमिती अशी मोजता येते, उड्डाणातला सफाईदारपणा मोजणं त्याहून अवघड, त्यामुळे परीक्षकांच्या खुर्च्या इतक्यात रिकाम्या होतील असं आम्हाला वाटत नाही.

पहिल्यांदाच पॅटर्नकडे वळत असाल तर आम्ही एकपंखी, साध्या ड्राइव्हचं, हलकं विमान सुचवू. बायप्लेनला ड्रॅग (हवेचा विरोध) जास्त, बॅटरी लवकर संपते, आणि जोडणीत पंखांचे कोन जुळवण्याचं काम दुप्पट.

ऑर्डर देताना शेड्यूल, बॅटरीचं वजन आणि सर्वोचं (रडरसारखे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरचं) मॉडेल कळवा. विमान हाती आल्यावर नाइफ-एज दोन्ही बाजूंनी उडवून पाहा. ते ओढत असेल तर लगेच मिक्स टाकू नका. आधी सीजी (गुरुत्वमध्य), मग पंख आणि स्टॅबचे कोन तपासा. त्यानंतरही मिक्स लागलाच, तर किती टक्के आणि कोणत्या बाजूला ते लिहून पाठवा, म्हणजे कोन किती बदलायचा ते आम्हाला सांगता येईल.