ऑफरोड गाडीतील पत्र्याचे पॅनेल

थार, जिप्सी किंवा जुनी महिंद्रा जीप यांच्या दारांना आतून आणि मागच्या भागाच्या बाजूंना, मूळ प्लास्टिकच्या अथवा पुठ्ठा-रेक्झिनच्या आवरणाऐवजी मापाने घडवलेला पत्रा बसवण्याची पद्धत. पहिल्या जीपगाड्यांत आतून उघडा पत्राच असे. त्या अर्थाने ही फॅशन नवी नाही. नागपूरकडे तिला कारण मिळते ते काळ्या मातीचे. हा चिखल सुकला की सिमेंटसारखा धरतो आणि पुठ्ठा ओल पिऊन फुगतो. पत्रा मात्र पाइपने धुता येतो. शिवाय भोके पाडलेल्या पॅनेलला पाना, दोर, प्रथमोपचार पेटी पट्ट्याने अडकवता येते.

पत्रा बहुधा १.५ ते २ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा घेतात. १.५ मिमीच्या एका चौरस मीटरचे वजन सुमारे ४ किलो भरते. तेवढाच लोखंडी पत्रा जवळपास १२ किलोंचा होतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंपैकी ५०५२ ग्रेड नीट वाकतो. ६०६१-टी६ कडक असतो, पण अरुंद वळणावर तडकतो, त्यामुळे घड्या घालायच्या पॅनेलला तो घेऊ नये. इतवारीच्या लोहा ओळीत पत्रा विकत घेताना नुसते ‘ॲल्युमिनियम’ म्हणून भागत नाही, ग्रेड विचारावाच लागतो. आधी पुठ्ठ्याचा फर्मा करतात, तो गाडीत लावून हँडल, काच फिरवण्याची दांडी आणि स्पीकर यांच्या जागा आखतात. मग लेझर कटिंग आणि बेंडिंग. फर्म्यात आळस केला तर पुढे कानस मारत बसावे लागते.

खरे कसब भोकांत आहे. नागपुरात जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, तर मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीत तो सहज ६० ओलांडतो. या ५० अंशांच्या फरकाने एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे १.१५ मिमी वाढते, त्यामागची लोखंडी बॉडी मात्र ०.६ मिमीच. उरलेल्या अर्ध्या मिलिमीटरला जागा हवी. ती नसेल तर पॅनेल फुगून येते, नाहीतर रिव्हेट (पत्रा जोडणारी खीळ) सैल होऊन खडखड सुरू होते. म्हणून मधले एकच भोक गोल ठेवतात आणि बाकीची लांबट. सहा मिमीच्या स्क्रूसाठी ७ बाय १० मिमीचे भोक पुरते. बॉडीत रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात घट्ट बसणारा, स्क्रू घेणारा आटेदार नट) बसवला तर पॅनेल हवे तेव्हा काढता येते. एकदा बसला की न उघडणारा पॉप रिव्हेट स्वस्त पडतो, पण दाराच्या आतली तार तुटली की ड्रिलने उडवावा लागतो.

दोन धातूंमध्ये पाणी अडकले की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते. त्यासाठी मागे फोम टेप आणि स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर लावतात. दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा फेकू नये, आणि दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके बुजवू नयेत. काचेवरून उतरलेले पाणी तिथूनच बाहेर पडते.

आवाज कमी करण्यासाठी मागून ब्युटिल रबराची चिकटपट्टी लावतात. चकचकीत पॉलिश केलेला पत्रा दिसायला देखणा असतो, पण उन्हात डोळ्यांवर तिरीप मारतो आणि हाताला चटका देतो. मॅट पावडर कोटिंगने तिरीप जाते, चटका उरतोच. तेव्हा कोपर टेकते तिथे रबर किंवा कापडाची पट्टी हवी.

कडा मुडपून घ्याव्यात, कोपरे गोल करावेत. खड्ड्यात गुडघा आपटतो तो नेमका तिथेच. एअरबॅगच्या झाकणावर किंवा तिच्या उघडण्याच्या वाटेत पत्रा आणणे म्हणजे जिवाशी खेळ.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असे फेरफार करता येत नाहीत. पॅनेलसाठी जागा हवी म्हणून मागची सीट काढली, तर प्रमाणपत्रातली आसनसंख्या जुळत नाही, आणि प्रश्न पत्र्याचा न राहता आरटीओचा होतो.